परदेशप्रवासातील विजेची शिदोरी

प्रवासाला निघताना शिदोरी बांधून घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. दशम्या, गूळपोहे, चटणीची पुडी आणि पाण्याचा तांब्या एवढे बरोबर असले की वाटसरू निश्चिंत होई. रात्रीची वाट असेल तर कंदिलात तेल पुरेसे आहे की नाही, हे घरातील वडीलधारी मंडळी दोनदा पाहत. आजच्या शिदोरीत एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, तराजूत तोलता येत नाही; पण तो संपला म्हणजे माणसाची वाट खुंटते. हा पदार्थ म्हणजे वीज.

हे विधान कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु परदेशी जाणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये आज काय काय साठवलेले असते, याचा क्षणभर विचार करावा. विमानाचे तिकीट, मुक्कामाचा पत्ता, गावाचा नकाशा, आप्तांचे दूरध्वनी क्रमांक, पैशांची देवघेव आणि अनोळखी भाषेतील पाट्यांचा अर्थ सांगणारा दुभाषी, हे सारे त्या एका तळहाताएवढ्या यंत्रात असते. यंत्रातील बॅटरी संपली की हे सर्व एकाच क्षणी नाहीसे होते. जुलै २०१४ मध्ये तर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने असे जाहीर केले की, काही परदेशी विमानतळांवरून अमेरिकेस येणाऱ्या प्रवाशांना आपली उपकरणे चालू करून दाखवावी लागतील आणि जे उपकरण चालू होणार नाही ते विमानात नेता येणार नाही. म्हणजे केवळ बॅटरी रिकामी असल्यामुळे मोबाइल मागे ठेवण्याचा प्रसंग येऊ शकत होता.

आमच्या गोमंतकातील कितीतरी घरांतून कोणी आगबोटीवर नोकरीस आहे, कोणी आखातात, तर कोणी लंडनला वा लिस्बनला स्थायिक झाला आहे. त्यांना भेटण्यासाठी आता वृद्ध मातापितरेही विमानप्रवास करतात. कोणाच्या कानाला चार्ज करावे लागणारे श्रवणयंत्र असते. कोणास झोपेत श्वासोच्छ्वासाला साहाय्य करणारे यंत्र लागते. अशांना विजेची ही शिदोरी अन्नाइतकीच आवश्यक होय. त्यांची पेटी भरताना चार्जर, वायर आणि पिनांचा भाग बहुधा घरातील शाळकरी मुलांकडे सोपवला जातो. तेव्हा हे काम केवळ अंदाजाने न करता समजून कसे करावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. त्यासाठी आठवी ते दहावीच्या विज्ञानाहून अधिक विद्या लागत नाही.

देशोदेशीची वीज निराळी का?

प्रथम प्रश्न असा की, सर्व जगात वीज एकच असताना तिची व्यवस्था मात्र देशोदेशी निराळी का? याचे उत्तर इतिहासात आहे. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट येथे आपले वीजकेंद्र सुरू केले, तेव्हा त्याने सुमारे ११० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह ग्राहकांना पुरवला. पुढे प्रत्यावर्ती प्रवाहाचा विजय झाला, तरी अमेरिकेत घरगुती दाब त्या जुन्या आकड्याच्या आसपासच राहिला. युरोपात मात्र २२० व्होल्टचा दाब रूढ झाला. दाब दुप्पट केला असता तितक्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो, आणि प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा क्षय चौथ्या हिश्श्यावर येतो. तांबे वाचते आणि वीजही वाचते. हा लाभ उघड होता. पण ज्या देशात लक्षावधी दिवे व यंत्रे एका दाबावर चालू झाली, त्या देशाला ती सर्व बदलणे परवडत नाही. एकदा पडलेला पायंडा मोडणे किती कठीण, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

भारतात आज घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्झ आहे. युरोपातील बहुतेक देशांत, म्हणजे पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी, इटली येथेही हेच आकडे आहेत. इंग्लंडचा पूर्वीचा दाब २४० आणि युरोप खंडाचा २२० होता. दोघांनी मिळून २३० हा मधला आकडा स्वीकारला. अमेरिका आणि कॅनडा येथे १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ आहे. जपानमध्ये दाब केवळ १०० व्होल्ट आहे. ब्राझीलमध्ये तर काही शहरांत १२७ आणि काही शहरांत २२० व्होल्ट, असा एकाच देशात दुजाभाव आढळतो. सौदी अरेबियात दाब आपल्यासारखा २३० असला तरी वारंवारता ६० आहे.

वारंवारतेच्या बाबतीत सर्वांत नवलाची गोष्ट जपानची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात टोकियोने जर्मनीतील कंपनीची विद्युत्‌जनित्रे घेतली. ती ५० हर्ट्झची होती. ओसाकाने अमेरिकन जनित्रे घेतली. ती ६० हर्ट्झची होती. परिणाम असा झाला की, आजही जपानच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झची वीज वाहते. ११ मार्च २०११ रोजी तेथे भीषण भूकंप झाला, त्सुनामी आली आणि पूर्वेकडील अनेक वीजकेंद्रे बंद पडली. पश्चिमेकडे वीज होती, परंतु ती पूर्वेकडे पाठवण्यापूर्वी तिची वारंवारता बदलावी लागे, आणि अशा परिवर्तनाची तेव्हाची क्षमता सुमारे १० लाख किलोवॅटच होती. एकाच राष्ट्राचा एक भाग दुसऱ्याला संकटसमयी पुरेशी वीज देऊ शकला नाही. शतकापूर्वीच्या खरेदीचे परिणाम नातवंडा-पतवंडांना कसे भोगावे लागतात, हे यावरून दिसते.

दाब चुकला तर काय होते?

आता थोडे गणित करू. समजा, भारतातील १००० वॅटची एक इस्त्री आहे. शक्ती म्हणजे दाबाच्या वर्गाला रोधाने भागून येणारी संख्या, हे आपण शिकलो आहोत. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला १००० ने भागले असता इस्त्रीचा रोध ५२.९ ओहम येतो. हीच इस्त्री जपानमध्ये १०० व्होल्टवर लावली तर १०० चा वर्ग १०,०००, भागिले ५२.९, म्हणजे सुमारे १८९ वॅट शक्ती मिळेल. इस्त्री कोमट होईल; सदऱ्याची घडी मात्र बसणार नाही.

उलट प्रकार अधिक घातक आहे. अमेरिकेत १२० व्होल्टसाठी केलेली १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा रोध १४.४ ओहम. ती कोणी भारतात आणून २३० व्होल्टवर लावली, तर ५२,९०० भागिले १४.४, म्हणजे जवळजवळ ३,६७४ वॅट इतकी शक्ती ती ओढू लागेल आणि तिच्यातून सुमारे १६ अँपिअर प्रवाह वाहील. दाब दुपटीहून थोडा कमी वाढला, पण उष्णता साडेतीन पटींहून अधिक वाढली. इस्त्रीची तार जळेल, आणि वेळीच फ्यूज गेला नाही तर आगही लागेल. म्हणून इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, पाणी तापवण्याची किटली, विसर्जनी हीटर अशी उष्णता देणारी साधने परदेशी न नेलेली बरी. ती बहुधा एकाच दाबासाठी बनवलेली असतात.

वारंवारतेचाही परिणाम काही यंत्रांवर होतो. विजेच्या आवर्तनांशी ताल धरून चालणारे घड्याळ ६० हर्ट्झसाठी बनवलेले असेल आणि ते ५० हर्ट्झवर लावले, तर दर तासाला ते १० मिनिटे मागे पडेल. मोबाइलच्या चार्जरला मात्र या फरकाची बाधा होत नाही. ती का होत नाही, हे आता पाहू.

चार्जरच्या पोटात

मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरांत काही मजकूर छापलेला असतो. बहुतेक जण तो कधीच वाचत नाहीत. त्यात ‘इनपुट’ या शब्दापुढे बहुधा १००–२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे आकडे आढळतात. या एका ओळीत त्या चार्जरचा जागतिक परवानाच लिहिलेला आहे. जपानच्या १०० व्होल्टपासून आखातातील कुवेतच्या २४० व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर तो चालेल, असा तिचा अर्थ.

जुन्या पद्धतीच्या चार्जरमध्ये लोखंडी गाभ्याचे जड रोहित्र असे आणि ते एका ठराविक दाबासाठीच गुंडाळलेले असे. आजच्या चार्जरची रीत निराळी आहे. भिंतीतून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह तो आधी एकदिश करून घेतो. २३० व्होल्टचा प्रवाह असा सरळ केला की सुमारे ३२५ व्होल्टचा दाब मिळतो, कारण २३० ही सरासरी काढण्याच्या विशिष्ट रीतीने आलेली किंमत असून लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट उंच असतो. १०० व्होल्टपासून याच रीतीने सुमारे १४१ व्होल्ट मिळतात. मग एक चिमुकला अर्धसंवाहक स्विच हा प्रवाह दर सेकंदाला हजारो, किंबहुना लाखो वेळा तोडतो आणि जोडतो. असा वेगाने तुटणारा प्रवाह एका लहानशा रोहित्रातून नेऊन त्यापासून ५ व्होल्टचा सौम्य दाब मिळवला जातो.

यातील मर्म समजण्यासाठी बागायतीतील पाटकऱ्याचे उदाहरण घ्यावे. पाटाला पाणी जोरात असेल तर तो वाफ्याचे दार थोडाच वेळ उघडतो. पाण्याची धार बारीक असेल तर दार अधिक वेळ उघडे ठेवतो. वाफ्याला मात्र दोन्ही वेळा हवे तितकेच पाणी मिळते. चार्जरमधील स्विच हाच पाटकऱ्याचा धर्म पाळतो. दाब अधिक असेल तर तो अल्प काळ चालू राहतो, कमी असेल तर अधिक काळ. आणि प्रवाह प्रथमच एकदिश करून घेतल्यामुळे मूळची वारंवारता ५० होती की ६०, याचे त्याला सोयरसुतक उरत नाही.

ज्या उपकरणावर १००–२४० असा विस्तार छापलेला नसून केवळ २२०–२४० किंवा केवळ १२० असा आकडा आहे, ते मात्र परक्या दाबावर कदापि लावू नये. श्वासोच्छ्वासाला साहाय्य करणारी आजची यंत्रे बहुधा दोन्ही दाबांवर चालणारी असतात, तरीही प्रत्येकाने आपल्या यंत्रावरील आकडे स्वतः वाचून खात्री करून घ्यावी.

पिनांची बाराखडी

दाबाचा प्रश्न सुटला तरी पिनांचा उरतोच. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोग या नावाची संस्था १९०६ साली लंडन येथे स्थापन झाली. लॉर्ड केल्व्हिन हे तिचे पहिले अध्यक्ष होते. जगभरच्या प्लगांना ही संस्था ‘ए’ पासून ‘ओ’ पर्यंत १५ अक्षरांनी ओळखते. साऱ्या जगासाठी एकच प्लग असावा म्हणून तिने १९८६ मध्ये एक नमुनाही प्रसिद्ध केला. तो ब्राझीलने व दक्षिण आफ्रिकेने आपल्या पद्धतीने स्वीकारला. इतर बहुतेक राष्ट्रे आपापल्या जुन्या पिनांना चिकटून राहिली.

आपल्या घरातील तीन गोल पिनांचा प्लग ‘डी’ वर्गाचा होय. पाण्याचा हीटर किंवा वातानुकूलन यंत्र यांचा मोठा प्लग ‘एम’ वर्गाचा. हे दोन्ही मूळचे इंग्लंडचे. मौज अशी की, इंग्लंडने स्वतः १९४७ साली ते बाजूस सारण्यास आरंभ केला आणि चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला ‘जी’ वर्गाचा नवा प्लग आणला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिच्यात कॅरोलाइन हॅस्लेट या विद्युत् अभियंता बाई एकट्याच स्त्री सदस्य होत्या. लहान मुलांनी छिद्रांत काही खुपसले तरी धक्का बसू नये, म्हणून या सॉकेटात आतून झडपा बसवलेल्या असतात. वरची लांब पिन आत गेली की मगच खालच्या दोन झडपा उघडतात. कित्येक लोक पेनाचे टोक किंवा काडी घालून ही झडप उघडतात आणि दोन पिनांचा प्लग आत दडपतात. ज्या योजनेने मुलांचे प्राण वाचावेत तिलाच असा सुरुंग लावणे सर्वथा अयोग्य होय. आपल्याकडेही हा खेळ चालतो. तो तितकाच धोक्याचा आहे.

आपल्या लोकांना ज्या देशांत जावे लागते त्यांपैकी संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, कुवेत, सौदी अरेबिया, सिंगापूर आणि मलेशिया येथे हाच ‘जी’ प्लग आढळतो. लिस्बनला जाणाऱ्यास मात्र दोन गोल पिनांचा ‘सी’ किंवा त्याच जातीचा, कडेला भूसंपर्काच्या पट्ट्या असलेला ‘एफ’ प्लग लागतो. आपल्या मोबाइलच्या चार्जरला बहुधा ‘सी’ वर्गाच्याच दोन गोल पिना असतात, त्यामुळे तो पोर्तुगाल, जर्मनी, फ्रान्स येथे तसाच बसतो. लॅपटॉपचा तीन पिनांचा ‘डी’ प्लग मात्र तेथे बसत नाही. अमेरिकेत दोन चपट्या पात्यांचा ‘ए’ आणि त्याला गोल भूसंपर्क पिन जोडलेला ‘बी’ चालतो. जपानमध्येही चपटी पातीच आहेत. परंतु तेथील बहुतेक सॉकेटांना तिसरे छिद्र नसते आणि दोन्ही फटी सारख्या रुंदीच्या असतात. अमेरिकेच्या प्लगाचे एक पाते अनेकदा दुसऱ्याहून रुंद असते, म्हणून तो जपानमध्ये अडतो. ऑस्ट्रेलियात तिरक्या पात्यांचा ‘आय’ वापरतात.

येथे एक भेद मनात पक्का ठसवला पाहिजे. बाजारात मिळणारा अ‍ॅडॅप्टर हा केवळ पिनांचा आकार बदलतो. विजेचा दाब तो बदलत नाही. तो दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याला आत सोडतो, त्याचा स्वभाव बदलत नाही. दाब बदलायचा असेल तर रोहित्रच हवे, आणि मोठ्या शक्तीसाठी ते इतके जड असते की सामान्य प्रवाशाने त्याच्या भानगडीत पडू नये. अ‍ॅडॅप्टरमध्ये भूसंपर्काची पिन पुढे जोडलेली आहे का, हेही पाहावे. चार्जरवर एका चौकोनात दुसरा लहान चौकोन असे चिन्ह असेल तर त्याला दुहेरी विद्युत्‌रोधन आहे आणि भूसंपर्काची गरज नाही, असे समजावे. धातूच्या आवरणाचे किंवा तीन पिनांचे उपकरण मात्र भूसंपर्काविना वापरू नये.

पॉवर बँकेचा हिशेब

भिंतीपासून दूर असताना उपयोगी पडणारी साठवण म्हणजे पॉवर बँक. तिच्या पोटात मोबाइलप्रमाणेच लिथियम-आयन विद्युत्‌घट असतात. हा घट सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणला. त्याच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पॉवर बँकेवर १०,००० मिलिअँपिअर-तास असा आकडा ठळक छापलेला असतो. मोबाइलची बॅटरी ५,००० ची असेल तर तो बरोबर दोन वेळा भरेल, असा हिशेब कोणीही करील. पण तो चुकतो. ते १०,००० हे आतील घटाच्या सुमारे ३.७ व्होल्ट दाबाला धरून असतात. साठवलेली ऊर्जा म्हणजे १० अँपिअर-तास गुणिले ३.७, अर्थात ३७ वॅट-तास. मोबाइलची ऊर्जा याच रीतीने १८.५ वॅट-तास. आता पॉवर बँक आपला दाब ५ व्होल्टपर्यंत चढवून देते, त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. मोबाइल ती घेताना पुन्हा काही गमावतो. दोन्ही ठिकाणची घट धरली असता मोबाइल दोनदा भरत नाही, सुमारे दीड वेळाच भरतो. शिदोरी मोजताना ही गळती वजा करूनच मोजावी.

जाता जाता आणखी एक हिशेब. १८.५ वॅट-तास म्हणजे एका युनिटाचा पन्नासाव्याहूनही लहान हिस्सा. जी वीज आपल्या मोबाइलला दिवसभर पुरते, ती इतकी अल्प असते. तरी ती नेमक्या वेळी नसली म्हणजे तिचे मोल कळते.

विमानातील निर्बंध

विमानाच्या नियमांत हाच वॅट-तासांचा आकडा महत्त्वाचा असतो. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक प्रवाशास नेता येते. १०० ते १६० पर्यंत विमानकंपनीची अनुमती लागते आणि अशा दोनच नेता येतात. १६० च्या पुढे मनाई आहे. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची, म्हणून ती चालते. ३०,००० ची १११ वॅट-तासांची होते, म्हणून तिला परवानगी लागेल. आकडा पुसट झालेला किंवा मुळीच नसलेला असेल, तर अधिकारी ती काढून घेऊ शकतात.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीही ठेवू नयेत. त्या हातातील पिशवीतच न्याव्यात. याचे कारण असे की, या घटात बिघाड झाला तर तो स्वतःच्या उष्णतेने अधिकाधिक तापत जातो आणि शेजारच्या घटालाही पेटवतो. सामानाच्या कोठारातील अग्निशामक वायू ज्वाला विझवतो, पण घटाला थंड करीत नाही. प्रवाशांच्या दालनात मात्र धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून तो घट थंड करू शकतात. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिमहे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेले एक विमान आगीत सापडले. सुदैवाने सर्व प्रवासी जिवंत बाहेर पडले. चौकशी करणाऱ्यांनी पॉवर बँकेतील विद्युत्‌रोधन बिघडून आग लागली असावी, असा संभव व्यक्त केला. त्यानंतर १ मार्च २०२५ पासून कोरियाने डोक्यावरील कप्प्यात पॉवर बँक ठेवण्यास बंदी केली. सिंगापूर एअरलाइन्सने त्याच वर्षीच्या एप्रिलपासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबरपासून विमानात पॉवर बँकेचा वापर थांबवला. हे नियम दिवसेंदिवस कडक होत आहेत. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या तिकिटावरील कंपनीचे नियम वाचणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. फुगलेली, पडून ठेचलेली किंवा विनाकारण तापणारी पॉवर बँक घरीच सोडावी. आपल्या पन्नास-शंभर रुपयांच्या काटकसरीपायी शेकडो सहप्रवाशांचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परक्या खोलीत

मुक्कामाला पोचल्यावर काही लहान गोष्टींचे अवधान राखावे लागते. आपल्याकडे आणि इंग्लंडात प्रत्येक सॉकेटाला बटण असते. युरोप खंडात व अमेरिकेत ते बहुधा नसते. तेथे प्लग लावला की प्रवाह सुरू झाला, असे समजावे. अनेक हॉटेलांत दाराजवळच्या खाचेत किल्लीचे कार्ड ठेवले तरच खोलीत वीज येते. कार्ड काढून बाहेर पडले की चार्जिंगही थांबते, आणि माणूस संध्याकाळी परत येऊन पाहतो तो मोबाइल रिकामाच. इंग्लंडातील न्हाणीघरात दाढीच्या यंत्रासाठी असलेले सॉकेट अत्यल्प प्रवाहाचे असते. त्याला दुसरे काही लावू नये.

सार्वजनिक ठिकाणी भिंतीत थेट यूएसबीची खाच असते. त्याच तारेतून वीज जाते आणि माहितीही जाऊ शकते. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने अशा खाचा टाळाव्यात, असा इशारा दिला होता. आपला चार्जर विजेच्या साध्या सॉकेटात लावावा, म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

वायरींचा गुंताही आता सुटत चालला आहे. २०१४ साली आखणी झालेली यूएसबी-सी ही खाच कोणत्याही बाजूने बसते आणि तिच्यात २४ संपर्कबिंदू असतात. उपकरण व चार्जर प्रथम ५ व्होल्टवर परस्परांशी बोलणी करतात आणि दोघांनाही झेपेल असा दाब ठरवतात. युरोपीय संघाने कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलना व कॅमेऱ्यांना हीच खाच बंधनकारक केली आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख नेमली. त्यामुळे एक चांगला चार्जर आणि एक चांगली वायर यांवर घरातील चार जणांचे काम भागू शकते. वायर मात्र हलकी नसावी. चार्जर कितीही समर्थ असला तरी वायरीला पेलेल तेवढीच शक्ती पुढे जाते.

हवामानाचाही विचार हवा. कडाक्याच्या थंडीत घटातील रासायनिक क्रिया मंदावते आणि बॅटरी अवेळी संपल्यासारखी वाटते. मोबाइल कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्यास ती पुन्हा टवटवीत होते. शून्य अंशाखाली मात्र ती भारू नये, कारण त्या वेळी लिथियम धातूचा थर आत साचून घटाचे कायमचे नुकसान होते. आखातातील उन्हात बंद मोटारीत मोबाइल ठेवणेही तितकेच अपायकारक.

शिदोरी बांधताना

आता सर्वांचा सारांश सांगतो. निघण्यापूर्वी प्रत्येक उपकरणावरील आकडे वाचावेत आणि वहीत उतरून घ्यावेत. जाण्याच्या देशाचा दाब, वारंवारता आणि प्लगाचे अक्षर यांची नोंद त्यापुढे करावी. त्या देशाचा एक भक्कम अ‍ॅडॅप्टर घ्यावा आणि उपकरणे अनेक असतील तर अनेक खाचांचा एकच चार्जर घ्यावा. पॉवर बँक पूर्ण भरून हातातील पिशवीत ठेवावी. विमानतळावर उतरेपर्यंत मोबाइल चित्रपट पाहण्यात रिकामा करू नये. ज्या घटकेला त्याची खरी गरज लागते, ती घटका उतरल्यावरच येते.

आणि शेवटची सूचना, जी सर्वांत साधी आहे. मुक्कामाचा पत्ता, तेथील आप्ताचा क्रमांक, भारतीय वकिलातीचा क्रमांक आणि नित्याच्या औषधांची नावे एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून तो पारपत्राबरोबर ठेवावा. शक्य असल्यास त्या देशाच्या भाषेतही पत्ता लिहून घ्यावा. या कागदाला व्होल्ट लागत नाहीत, हर्ट्झ लागत नाहीत, पिन लागत नाही. आजी-आजोबांची पेटी भरणाऱ्या मुलामुलींनी चार्जर आणि अ‍ॅडॅप्टर ठेवून झाल्यावर हा कागद स्वतःच्या हाताने लिहून द्यावा. मोबाइल बंद पडला तरी परक्या गावातील कोणताही भला माणूस तो कागद वाचून त्यांना वाट दाखवू शकेल.